काळा पाषाण आणि क्ष-किरण

धाराशिव जिल्ह्यांत विहीर खणण्याचें काम ज्यानें जवळून पाहिलें असेल त्याला एक अनुभव ठाऊक असतो. वरची काळी माती संपते, मुरूम लागतो, मुरूम संपून पाषाण लागतो. आणि पुष्कळदां त्या पाषाणांत पांढऱ्या ठिपक्यांनीं भरलेला एक थर येतो. विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. सुरुंगानें फुटलेल्या त्याच्या ढलप्यांत बोराएवढ्या, क्वचित् लिंबाएवढ्या पोकळ्या दिसतात आणि त्यांत पांढरे, काचेसारखे चकचकीत खडे सांपडतात. मुलें ते खेळावयास नेतात. वडील माणसें मात्र त्यांकडे पाहून हळहळतात. कारण ज्या पोकळ्यांत पाणी सांठावयाचें त्या गारगोटीनें गच्च भरल्या असल्या, तर विहिरीला झरा लागण्याची आशा कमी होते. पाण्याच्या शोधार्थ निघालेल्या माणसाच्या हातीं दगडानें गारगोटी द्यावी, हें त्या दुष्काळी मुलुखाचें जुनेंच दुःख आहे.

परंतु त्या गारगोटींतहि पाणी असतें. खडा पूर्णपणें कोरडा दिसतो, हाताला कोरडा लागतो, तरी निखाऱ्यावर तापविला तर त्यांतून वाफ निघते. दगडांत पाणी शिरलें कोठून, राहतें कोठें, आणि तें निघून गेल्यावरहि खडा ढांसळत कसा नाहीं, या प्रश्नांचें उत्तर मिळावयास मनुष्यजातीला पावणेदोनशें वर्षें लागलीं. तें उत्तर मिळालें तें बालाघाटापासून हजारों मैल दूर, मँचेस्टरच्या विद्यापीठांतील एका क्ष-किरण प्रयोगशाळेंत. त्या प्रयोगशाळेची ही कथा आहे. आणि तिचा शेवट पुन्हां धाराशिवासच येऊन पोंचतो.

पाषाण आणि पाणी यांचें नातें या जिल्ह्याला नवें नाहीं. नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीला घातलेल्या बांधाच्या पोटांत पाणीमहाल बांधलेला आहे. धाराशिवच्या लेण्यांशीं राजा करकंडु याची कथा जोडली जाते; अपभ्रंश भाषेंतील ‘करकंडचरिउ’ या काव्यांत ती आली आहे. लेण्यांतील जिनमूर्तीजवळ दगडाची एक गांठ होती, राजानें ती फोडविली आणि तिच्यांतून पाण्याचा लोट उसळला, अशी ती कथा. कथा ती कथाच. परंतु दगडाच्या आंत पाणी कोंडलेलें असावें ही कल्पना त्या मुलुखांतील माणसाच्या मनांत किती खोल रुजलेली होती, हें तिच्यावरून समजतें.

हा पाषाण मूळचा लाव्हा. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीला भेगा पडून तप्त रस वाहूं लागला आणि थरावर थर चढत गेले. आज त्या थरांनीं जवळजवळ ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. सह्याद्रीचे कडे, वेरूळचीं लेणीं, बालाघाटाचे माथे हीं सर्व त्याच द्रव्याचीं. रस थंड होत असतां त्यांतील वायूचे बुडबुडे जागच्या जागीं थिजले आणि पोकळ्या राहिल्या. पुढें दीर्घ काळपर्यंत ऊन पाणी त्या खडकांतून झिरपत राहिलें, खडकांतील द्रव्यें विरघळवून घेऊन पोकळ्यांत शिरलें आणि तेथें त्यानें स्फटिक घडविले. विहिरींतून निघणारी गारगोटी ती हीच. गारगोटी या एकाच नांवाखालीं लोक अनेक खनिजें मोडतात. त्यांतील फार मोठा वर्ग आहे झिओलाइटांचा.

झिओलाइट हें नांव स्वीडनमधील क्रोनस्टेट या खनिजशास्त्रज्ञानें १७५६ सालीं ठेविलें. फुंकनळीच्या ज्वाळेंत धरतांच हा दगड उकळल्यासारखा फसफसला, म्हणून त्यानें ग्रीक शब्द जोडून त्याला ‘उकळणारा दगड’ असें म्हटलें. पुढें दख्खनचे स्फटिक युरोपांत जाऊं लागले. १८३१ सालीं इंग्लंडांतील ब्रुक या संशोधकानें पुण्याकडून आलेल्या, सुयांच्या जुडग्यासारख्या दिसणाऱ्या एका खनिजाला पुण्याचेंच नांव देऊन ‘पूनालाइट’ असें संबोधिलें. एकोणिसाव्या शतकांत रसायनशास्त्रज्ञांनीं या दगडांचे आणखी दोन चमत्कार नोंदले. तापवून पाणी घालविलेला झिओलाइट ओलसर हवेंत ठेविला कीं गेलेलें पाणी तो पुन्हां शोषून घेतो, हा एक. आणि मिठाच्या पाण्यांत ठेविला तर आपल्यांतील कॅल्शियम देऊन त्याच्या बदल्यांत सोडियम घेतो, हा दुसरा. साखरेचा दाणा विरघळल्यावर साखर मागें राहत नाहीं, मोरचूद तापविली कीं निळा स्फटिक पांढऱ्या भुकटींत मोडतो; मग हाच एक स्फटिक असा कीं त्याच्यांतून द्रव्य जातें-येतें, आणि तो मात्र जसाच्या तसा! १८९६ सालीं फ्रान्समधील फ्रीडेल यानें असा तर्क केला कीं, या स्फटिकांची घडण स्पंजासारखी असली पाहिजे. तर्क बरोबर होता. परंतु तो स्पंज पाहावयाचा कसा?

दृश्य प्रकाशानें तो दिसणें शक्यच नव्हतें. परमाणु एकमेकांपासून जितके दूर असतात तें अंतर मोजण्यास आंगस्ट्रॉम हें माप वापरतात. सेंटिमीटरचे १० कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक आंगस्ट्रॉम. स्फटिकांतील शेजारचे परमाणु दोन-तीन आंगस्ट्रॉम अंतरावर असतात. दृश्य प्रकाशाची लाट चार ते सात हजार आंगस्ट्रॉम लांब. समुद्राच्या लाटेनें वाळूचा कण चांचपावा तसा हा प्रकार होता. १८९५ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें राँटगेन यास क्ष-किरण सांपडले. ते लाटा आहेत कीं कण, याचा वाद पुढें सोळा-सतरा वर्षें चालू होता. १९१२ सालीं म्युनिच येथें माक्स फोन लाउए यानें सुचविलें कीं, क्ष-किरण जर लाटा असतील, आणि स्फटिकांत जर परमाणूंच्या नियमित रांगा असतील, तर त्या रांगांवरून फांकतांना या लाटांनीं विशिष्ट दिशांनाच जोर धरला पाहिजे. फ्रीडरिख व क्निपिंग या त्याच्या सहकाऱ्यांनीं प्रयोग केला. पहिला स्फटिक घेतला तो मोरचुदाचा. मागें ठेविलेल्या छायाचित्राच्या कांचेवर कांहीं ठिपके उमटले. त्या ठिपक्यांनीं दोन गोष्टी एकदम सिद्ध केल्या: क्ष-किरण लाटा आहेत, आणि स्फटिकांतील परमाणु रांगेनें उभे आहेत.

ठिपके मिळाले, पण ते वाचावयाचे कसे, हें सांगितलें बावीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानें. लॉरेन्स ब्रॅग त्या वेळीं केंब्रिजला होता. त्याचे वडील विल्यम ब्रॅग लीड्स येथील विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. ज्वारीच्या शेताजवळून गाडी जात असतां एका विशिष्ट कोनांतून पाहिलें म्हणजे पेरणीच्या रांगा एकदम सरळ उलगडतात, क्षणांत मिटतात, आणि दुसऱ्या कोनांतून दुसऱ्याच तिरप्या रांगा दिसूं लागतात. स्फटिकांतहि परमाणूंचे असे अनेक पडदे कल्पितां येतात. प्रत्येक पडद्यावरून किरण आरशाप्रमाणें परावर्तित होतात. आणि ज्या कोनांत लागोपाठच्या पडद्यांवरून आलेल्या लाटा एकमेकींशीं पाऊल मिळवून चालतात त्याच कोनांत ठिपका उमटतो. कोन मोजला आणि लाटेची लांबी ठाऊक असली कीं पडद्यांमधील अंतर साध्या त्रिकोणमितीनें निघतें. १९१२ च्या नोव्हेंबरांत हा नियम केंब्रिजच्या विद्वत्सभेपुढें मांडला गेला.

वडिलांनीं लीड्सच्या प्रयोगशाळेंत क्ष-किरणांचा वर्णपटमापक तयार करविला आणि १९१३ सालीं पितापुत्रांनीं मीठ, हिरा इत्यादि स्फटिकांची घडण उकलली. विद्यापीठांतील प्रयोगशाळा स्फटिकांच्या अंतरंगाचें मापन करूं लागली ती येथून. मिठाची घडण पाहून रसायनशास्त्रज्ञ बुचकळ्यांत पडले. सोडियम आणि क्लोरिन यांच्या जोड्या, म्हणजे मिठाचे रेणु, त्यांत कोठेंच नव्हते. बुद्धिबळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या घरांप्रमाणें दोन्ही जातीचे परमाणु आळीपाळीनें मांडलेले होते. कोणताहि एक सोडियम कोणत्याहि एका क्लोरिनचा जोडीदार नव्हता. आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञाचा या पटावरील राग इतका दीर्घ कीं, १९२७ सालींहि तो ‘नेचर’ या नियतकालिकांत त्याविरुद्ध लिहीत होता. १९१५ सालीं पितापुत्रांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. पुत्राचें वय त्या वेळीं पंचवीस. तो महायुद्धाच्या आघाडीवर शत्रूच्या तोफांच्या आवाजावरून त्यांचें ठिकाण शोधण्याच्या कामावर होता. आणि त्याच वर्षीं त्याचा धाकटा भाऊ गॅलिपोलीच्या मोहिमेंत मृत्यु पावला होता.

युद्ध संपल्यावर, १९१९ सालीं, लॉरेन्स ब्रॅग मँचेस्टरच्या विद्यापीठांत प्राध्यापक झाला. मराठी घरांत मँचेस्टर हें नांव कापडामुळें ठाऊक. मँचेस्टरच्या धोतरजोड्यांनीं येथील विणकराचा माग बसविला, आणि त्याच विलायती कापडाची १९०५ सालीं पुण्यांत होळी झाली. त्याच गांवच्या विद्यापीठांत दख्खनच्या दगडाचें कोडें सुटावें, हा एक योगायोगच. ब्रॅगची तेथील पहिलीं वर्षें सुखाचीं नव्हतीं. ज्या आसनावर तो बसला तें त्यापूर्वीं रदरफर्डचें होतें. वय अवघें एकोणतीस. शिकविण्याचा अनुभव थोडा. समोर युद्धावरून परतलेले, कोणालाहि न जुमानणारे विद्यार्थी. वर्गांत गोंधळ होई, निनावी पत्रें येत. त्याचा मुख्य सहकारी आर. डब्ल्यू. जेम्स हा शॅकल्टनच्या दक्षिणध्रुवाकडील मोहिमेंत होता. बर्फांत सांपडून चुरडलेल्या ‘एन्ड्युअरन्स’ जहाजावरील तो शास्त्रज्ञ. अशा या माणसांनीं मिळून ती प्रयोगशाळा उभारली.

त्या प्रयोगशाळेंतील काम पाहणारास त्यांत डोळे दिपविणारें कांहीं आढळलें नसतें. एक निर्वात नळी, तिच्यांत हजारों व्होल्टांच्या दाबानें धातूवर आदळणारे इलेक्ट्रॉन आणि त्या आघातानें निघणारे क्ष-किरण. त्यांच्या वाटेंत कांचेच्या केसाएवढ्या तंतूवर चिकटविलेला, तांदळाच्या कणीहून लहान असा एक स्फटिक. आणि मागें छायाचित्राची फिल्म. स्फटिक सावकाश इकडून तिकडे फिरत राहावयाचा, तासांमागून तास जावयाचे, मग फिल्म धुवावयाची. तिच्यावर शेंकडों ठिपके. ठिपक्यांच्या जागेवरून स्फटिकांतील पुन्हां पुन्हां येणाऱ्या घराची लांबीरुंदी समजे. त्या घरांत कोणता परमाणु कोठें बसला आहे, हें मात्र ठिपक्यांच्या गडदपणांत लपलेलें असे.

आणि येथेंच खरी अडचण होती. ठिपक्याचा गडदपणा लाटेचा जोर सांगतो. ती लाट चढती होती कीं उतरती, हें सांगत नाहीं. अर्धी माहिती फिल्मवर येतां येतांच नाहींशी होते. म्हणून संशोधकानें आधीं परमाणूंची एक मांडणी कल्पावयाची, तिच्यावरून प्रत्येक ठिपका किती गडद आला पाहिजे याचें गणित करावयाचें, प्रत्यक्ष फिल्मशीं ताडून पाहावयाचें, आणि जुळलें नाहीं तर मांडणी मोडून पुन्हां प्रारंभ करावयाचा. गणकयंत्र नव्हतें, कागद, पेन्सिल आणि त्रिकोणमितीचीं कोष्टकें एवढेंच साधन. पुढें लिव्हरपूलच्या बीव्हर्स व लिप्सन यांनीं हीं गणितें सोपीं करण्यासाठीं अंक छापलेल्या पुठ्ठ्याच्या हजारों पट्ट्या तयार केल्या, आणि पेटींतून पट्ट्या काढून बेरजा मांडणें हा जगभरच्या स्फटिकशास्त्रज्ञांचा नित्यक्रम होऊन बसला. एका स्फटिकावर महिनेच्या महिने जात.

ब्रॅगनें मँचेस्टरला प्रामुख्यानें हातीं घेतला तो दगडांचाच प्रश्न. पृथ्वीच्या कवचांतील बहुतेक खनिजें सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या संयोगानें बनलेलीं. परंतु त्यांचीं रासायनिक सूत्रें इतकीं चमत्कारिक कीं त्यांत कांहीं सुसंगति दिसेना. क्ष-किरणांनीं ती दाखविली. एका सिलिकॉनभोवतीं चार ऑक्सिजन चार कोपऱ्यांवर बसतात आणि एक छोटा चतुष्फलक होतो. हा झाला मूळ मणि. हे मणि सुटे राहिले तर एक प्रकारचीं खनिजें, माळेसारखे गुंफले तर दुसऱ्या प्रकारचीं, जाळ्यासारखे पसरले तर अभ्रकासारखीं पापुद्र्यांचीं, आणि चारी कोपऱ्यांनीं चोहोंकडे जोडले गेले तर कठीण सांगाडा. मोत्याच्या एकाच जातीच्या दाण्यांपासून तन्मणि व्हावा, चिंचपेटी व्हावी कीं नथ, हें जसें गुंफणीवर अवलंबून, तसेंच हें. मँचेस्टरला अमेरिकेंतून वॉरेन आला, हंगेरींतून नाराइ-साबो आला. आणि एकेक खनिज उलगडत गेलें.

झिओलाइटांचें काम डब्ल्यू. एच. टेलर याच्या वाट्यास आलें. १९३० सालीं त्यानें अॅनल्साइट या झिओलाइटाची घडण प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं अमेरिकेंत लायनस पॉलिंग यानें नॅट्रोलाइटाच्या घडणीचा आराखडा मांडला. अॅनल्साइटाचें पुन्हां पुन्हां येणारें घर म्हणजे सुमारें १३.७ आंगस्ट्रॉम बाजूचा घन. त्यांत १६ सोडियम, १६ अॅल्युमिनियम, ३२ सिलिकॉन, ९६ ऑक्सिजन आणि पाण्याचे १६ रेणु. इतक्या मंडळींना त्या घरांत बसविण्याची एकच रीत फिल्मवरील ठिपक्यांशीं जुळली. चतुष्फलक चारी कोपऱ्यांनीं जोडले जाऊन एक भक्कम सांगाडा झालेला, आणि त्या सांगाड्यांतून आरपार बोळ गेलेले. पाणी राहतें तें या बोळांत. तें भिंतींत चिणलेलें नाहीं. म्हणून तें निघून गेलें तरी भिंत पडत नाहीं. सांगाड्यांत कांहीं सिलिकॉनच्या जागीं अॅल्युमिनियम बसलेला असतो, आणि त्यामुळें उणा पडलेला धनभार भरून काढण्यासाठीं सोडियम किंवा कॅल्शियम बोळांतच वस्ती करून असतो. तोहि भिंतीचा भाग नाहीं. म्हणून एक बिऱ्हाड जाऊन दुसरें येऊं शकतें. उकळणाऱ्या दगडाचीं सर्व कोडीं या एका चित्रानें सुटलीं.

१९३१ सालीं टेलर व नाराइ-साबो यांनीं अॅपोफिलाइटाची घडण दिली. दख्खनच्या पोकळ्यांत झिओलाइटांच्या सोबतीनें आढळणारा हा देखणा स्फटिक त्यांच्याहून निराळा, पापुद्र्यांच्या घडणीचा, हें तेव्हां स्पष्ट झालें. १९३३ सालीं टेलर, मीक व जॅक्सन यांनीं तंतुमय झिओलाइटांचा प्रश्न सोडविला. नॅट्रोलाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट या सर्वांत चतुष्फलकांच्या एकाच नमुन्याच्या सांखळ्या उभ्या असतात. म्हणून त्यांचे स्फटिक सुयांसारखे. दोन सोडियमच्या जागीं एक कॅल्शियम आणि पाण्याचा एक जादा रेणु घातला कीं नॅट्रोलाइटाचा स्कोलेसाइट होतो. दोहोंच्या मधला तो मेसोलाइट. पुण्याच्या नांवानें ओळखला गेलेला पूनालाइट हा या मेसोलाइटाचाच प्रकार ठरला. नांव गेलें, परंतु त्या दगडाला आपलें कुळ सांपडलें.

दगडांतील बोळांची रुंदी इतकी नेमकी असते कीं, लहान रेणु आंत शिरतात आणि मोठे बाहेर राहतात. पाणी काढून घेतलेला चॅबाझाइट मद्यार्क घेतो पण बेंझीन घेत नाहीं, असें १९२५ च्या सुमारास जर्मनींत आढळून आलें होतें, आणि मॅकबेन यानें त्याला ‘रेणूंची चाळणी’ असें सार्थ नांव दिलें होतें. चाळणीचीं भोकें कोठें आहेत हें क्ष-किरणांनीं दाखविल्यावर मनाजोगी चाळणी बनविण्याची ईर्षा उत्पन्न झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील मिल्टन यानें निसर्गांत न आढळणारे झिओलाइट प्रयोगशाळेंत तयार केले. १९५४ पासून ते बाजारांत आले, आणि १९६२ पासून खनिज तेलाच्या शुद्धीकरणांत त्यांनीं मोठी क्रांति केली. कपडे धुण्याच्या पुडींत, किरणोत्सर्गी पाणी शुद्ध करण्याच्या टांक्यांत, सर्वत्र ते शिरले.

या सर्व काळांत हिंदुस्थान स्वस्थ बसला होता असें नाहीं. मँचेस्टरला टेलर झिओलाइट उकलीत होता त्याच सुमारास कलकत्त्यास केदारेश्वर बॅनर्जी यांनीं नॅप्थलीन व अँथ्रासीन यांची घडण शोधली. आणि १९३३ सालीं ठिपक्यांतील हरवलेली अर्धी माहिती गणितानेंच परत मिळविण्याच्या दिशेनें एक आरंभींचा मार्ग दाखविला. पुढें मद्रास विद्यापीठांत जी. एन. रामचंद्रन् यांनीं गोपीनाथ कर्ता यांच्यासह १९५४ सालीं कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी घडण मांडली. मात्र ज्या मुलुखांत हे दगड पडलेले होते तेथील मुलाला त्या काळीं ही वाट सोपी नव्हती. धाराशिव तेव्हां निजामाच्या राज्यांत. राज्याचें विद्यापीठ हैदराबादेस, आणि त्याचें शिक्षण उर्दूंतून. जिल्ह्याला निजामाच्या नांवावरून उस्मानाबाद म्हणत. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य संपलें. मराठवाड्याचें स्वतःचें विद्यापीठ औरंगाबादेस १९५८ सालीं स्थापन झालें. दख्खनच्या झिओलाइटांची पद्धतशीर पाहणी सुखेसवाला, अवासिया व गंगोपाध्याय यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें झिओलाइटाचे स्वतःचे उत्प्रेरक बनविले आणि १९८० नंतरच्या दशकांत ते बडोद्याच्या कारखान्यांत वापरांत आले.

आणि मग आला २०२१ चा उन्हाळा. करोनाच्या दुसऱ्या लाटेंत रुग्णालयांतून प्राणवायूसाठीं आक्रोश चालला होता. हवेंत प्राणवायु पुष्कळ. अडचण ती त्याच्यापासून नत्रवायु वेगळा करण्याची. येथें झिओलाइट कामास येतो. त्याच्या बोळांतील धनभारित परमाणु नत्रवायूच्या रेणूंना अधिक जोरानें ओढून धरतात. दाबाखालीं हवा आंत सोडली कीं नत्रवायु बोळांत अडकतो आणि प्राणवायूनें समृद्ध झालेली हवा पुढें जाते. दाब उतरविला कीं अडकलेला नत्रवायु सुटतो व झिओलाइट पुन्हां कामास सिद्ध होतो. त्या मे महिन्यांत देशांतील प्राणवायु प्रकल्पांसाठीं इटलीहून टनावारी झिओलाइट विमानानें बेंगळूरला आणावा लागला. आणि त्याच सुमारास धाराशिव जिल्ह्यांत, कळंब तालुक्यांतील चोराखळी येथील धाराशिव साखर कारखान्यानें आपल्या इथेनॉल प्रकल्पाच्या यंत्रणेंत फेरफार करून प्राणवायु तयार केला. साखर कारखान्यांत प्राणवायु तयार करण्याचा देशांतील तो पहिला प्रयोग म्हणून गाजला. मद्यार्कांतील शेवटचें पाणी वेगळें करण्यास अशा प्रकल्पांतून रेणूंची चाळणीच वापरतात. तिचीं भोकें तीन आंगस्ट्रॉमांचीं. पाण्याचा रेणु त्यांत शिरतो, मद्यार्काचा शिरत नाहीं. टेलरनें अॅनल्साइटांत जें पाहिलें त्याचाच हा वंशविस्तार.

विहिरींतून निघालेली गारगोटी कुटून यंत्रांत भरली असती तर प्राणवायु मिळाला असता काय? नाहीं. यंत्राला लागतो तो शुद्ध, एकजिनसी आणि रुंद बोळांचा, मुद्दाम घडविलेला झिओलाइट. म्हणून दगड आपल्या भूमींत आहे एवढ्यानें धन आपलें होत नाहीं. दख्खनचे उत्तमोत्तम स्फटिक आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. कांहीं सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांचें सौंदर्य भूमीनें दिलें. त्यांची घडण समजण्यास मात्र एक नळी, एक फिल्म, कोष्टकांची वही आणि वर्षानुवर्षें न कंटाळणारीं माणसें लागलीं. या माणसांनीं आरंभ केला तेव्हां रुग्णालयांतील खाट त्यांच्या स्वप्नांतहि नव्हती. त्यांनीं विचारलें होतें तें एवढेंच, कीं कोरड्या दगडांत पाणी राहतें तरी कोठें.

धाराशिवच्या माळावर अजूनहि विहिरी खणल्या जातात, अजूनहि मांजऱ्या लागतो, आणि पाणी पाहावयास काठावर जमलेलीं माणसें अजूनहि हळहळतात. त्यांचें दुःख खरें आहे. परंतु त्या ढिगांतून पांढरा खडा उचलून घेणाऱ्या मुलाच्या हातीं येतें तें एक घर असतें: बोळांचें, बिऱ्हाडांचें आणि पाण्याचें. तें घर कसें बांधलेलें आहे हें आज पुस्तकांत सांपडतें. त्याच दगडांतील जे प्रश्न अद्याप कोणी विचारलेले नाहींत ते त्या मुलाची वाट पाहत आहेत.